पाच पानांतली दोन कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ठेंगण्या, सावकाश वाढणाऱ्या पामवर आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदानं, कारण माझ्या अंगणातल्या बाटली पामबद्दल कुणी लिहिलंय असं क्वचितच घडतं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. लेखात चार सल्ले आहेत. खालची पानं पिवळी पडू लागली की लगेच कापावीत, म्हणजे बुंध्याचा बाटलीसारखा आकार उठून दिसतो. बुंध्यावरचं हिरवं आवरण, म्हणजे पानांच्या देठांचं वेष्टण, सोलून काढावं, म्हणजे खोड चकचकीत राहतं. वाढ थांबल्यासारखी वाटली तर युरिया द्यावा. आणि बाटलीत पाणी साठवलेलं असतं, तेव्हा पाणी बेतानंच घालावं.

यातले पहिले तीन उद्योग मी स्वतः केलेले आहेत. चौथा केला नाही, कारण तो मला त्या वेळी कुणी सांगितला नव्हता. झाड तिघांतच गेलं.

मी एकतीस वर्षं घरी शिवणकाम केलं. आता डोळे दोरा ओवू देत नाहीत म्हणून मशीनवर कापड टाकून ठेवलंय, पण मापाची वही चालू आहे. तिच्या शेवटच्या पानांवर एकाच गिऱ्हाइकाचं माप गेली सोळा वर्षं लिहिलं जातंय. हे गिऱ्हाईक कधी घाई करत नाही आणि 'ताई, जरा दाबून घ्या' असंही म्हणत नाही. ते म्हणजे अंगणातला बाटली पाम. यंदाचं माप असं: सगळ्यात फुगीर जागी घेर ४४ इंच, गळा १५ इंच, जमिनीपासून गळ्यापर्यंत उंची ३८ इंच, पानं पाच. सोळा वर्षांत ३८ इंच! दाराशी आलेला माणूस हसतो आणि विचारतो, 'याला काही रोग आहे का हो?'

रोग नाही. पण हा प्रश्न मला कुणी आधीच विचारला असता आणि उत्तर माहीत असतं, तर पहिलं झाड वाचलं असतं. म्हणून आधी त्याची गोष्ट.

ते रोप मी आणलं तेव्हा गुडघ्याएवढं होतं आणि बुडाशी कांद्यासारखं फुगलेलं. खड्ड्यात उभं केलं तर डुलायला लागलं. शिवणाऱ्या बाईला काहीही हलतं बघवत नाही. मी ते चार इंच खोल दाबलं, भोवती माती घट्ट थापली आणि खूश झाले. पामची सगळी मुळं खोडाच्या अगदी बुडाशी एका पट्ट्यातून फुटतात. तो पट्टा खोल ओल्या मातीत पुरला की हवेवाचून मुळं गुदमरतात. रोप कुंडीत ज्या पातळीला होतं त्याच पातळीला जमिनीत हवं, आणि डुलत असेल तर बाजूनं काठ्यांचा आधार द्यायचा. हे कळेपर्यंत दोन वर्षं गेली होती. तोवर झाड वाढेना म्हणून मी मूठ मूठ युरिया घातला होता. पानं पिवळी दिसली की कात्री चालवली होती. शेवटी एका दुपारी बुंध्यावरचं हिरवं आवरण नखानं उचलून टराटरा सोलूनही काढलं. आतला भाग ओला आणि फिकट होता, लहान मुलाच्या खपली काढलेल्या गुडघ्यासारखा. मला ते फार स्वच्छ वाटलं.

महिन्याभरानं मधला भाला, म्हणजे न उघडलेलं नवं पान, जरासा कलला. मी सरळ करायला धरला तर तो अलगद हातात आला. टोक तपकिरी, चिकट आणि असा वास, की पदर नाकाला लावावा लागला. तरीही बाकीची तीन पानं हिरवीगार होती! म्हणून मी पुढे पाच महिने त्याला पाणी घालत राहिले. पामच्या खोडाला वाढीचा कोंब एकच असतो, शेंड्यात, पानांच्या देठांच्या आत दडलेला. तो कुजला की ते खोड संपलं. बाजूनं फुटवा येत नाही, छाटून पालवी फुटत नाही. पण जुनी पानं आपल्या परीनं हिरवी राहतात आणि माणसाला फसवतात. मी पाच महिने मेलेल्या झाडाची सेवा केली. वहीत त्या वर्षीच्या ओळीवर काट मारलेली आहे आणि बाजूला एकच शब्द आहे, 'मीच'.

दुसरं रोप आणलं तेव्हा ठरवलं की वर्षभर नुसतं मोजायचं, कात्री लावायची नाही. माझ्याकडे रिळांचा तोटा नव्हता. प्रत्येक नवं पान उघडलं की त्याच्या देठाला एका रंगाचा दोरा सैल बांधायचा आणि वहीत तारीख लिहायची. असं करता करता वर्षाची तीन वर्षं झाली. जे दिसलं ते लेखात लिहिलेल्यापेक्षा वेगळं होतं.

या झाडावर एका वेळी चार ते सहाच पानं असतात. माझ्या झाडाला वर्षाला तीन नवी पानं येतात, एखाद्या वर्षी चौथं. म्हणजे एक पान साधारण वीस महिने झाडावर राहतं. त्यातले सोळा महिने ते हिरवं असतं. मग टोकाकडून आत पिवळं पडत जातं, तीन-चार महिने रेंगाळतं आणि एके सकाळी देठासकट, हिरव्या आवरणाच्या वेष्टणासकट, आपोआप गळून खाली पडलेलं सापडतं. आत नवा बुंधा तयार असतो, गुळगुळीत. सोलायची गरज नाही. ते वेष्टण जोपर्यंत घट्ट चिकटलेलं आहे तोपर्यंत आतला बुंधा कोवळा आहे, एवढंच समजायचं.

आता त्या तीन-चार पिवळ्या महिन्यांकडे बघा. लेखकाला ते पान मेलेलं वाटतं. पोटॅश, म्हणजे पोटॅशियम, झाडाच्या अंगात फिरतं. जमिनीतून पुरेसं मिळेनासं झालं की पाम ते सगळ्यात जुन्या पानातून काढून कोवळ्या पानाला देतो. म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो: आधी पिवळे-नारिंगी ठिपके, उजेडात धरले तर आरपार उजेड दिसणारे, मग टोकं करपतात. ते अर्धं पिवळं पान म्हणजे झाडाची शिदोरी आहे. ती कापून टाकली की झाड वरच्या पानाकडे वळतं. ते पिवळं पडतं, तेही आपण कापतो. मग त्याच्या वरचं. पिवळेपणा एकेक पायरी चढत शेंड्याकडे जातो, आणि आपण दर वेळी म्हणतो, 'बघा, किती काळजी घेतो तरी पिवळंच पडतंय.'

हिशेब करून बघा. पाच पानांतली दोन कापली म्हणजे झाडाचा दोन पंचमांश स्वयंपाक बंद. ती दोन पानं परत यायला आठ महिने लागतात. आणि लेखात तर खालची पानं 'वेळोवेळी' काढायला सांगितली आहेत! चाळीस पानांच्या झाडासाठी ठीक असेल, पण पाच पानांच्या झाडाची दोन पानं म्हणजे झुलपं नव्हेत, हातपाय आहेत. सतत छाटलेल्या, उपाशी ठेवलेल्या पामचं खोड वर जाताना बारीक होत जातं, टोक केलेल्या पेन्सिलीसारखं, आणि पुढे भरपूर खायला घातलं तरी तो बारीक झालेला भाग पुन्हा जाड होत नाही.

कारण पाम आंब्या-लिंबासारखं झाड नाही, तो गवताच्या जवळचा, एकदल वर्गातला. इतर झाडांत साल आणि लाकूड यांच्यामध्ये दरवर्षी नवं लाकूड घालणारा एक थर असतो. पामला तो नाही. त्यामुळे तो आधी बुंध्याची रुंदी तयार करतो आणि मगच उंच व्हायला लागतो. माझ्या वहीत पहिल्या चार वर्षांची उंचीचे रकाने जवळजवळ कोरे आहेत आणि बुडाचा घेर मात्र ९, १७, २४, ३० असा चाललेला आहे. लोक म्हणत होते वाढत नाही. तो कंबर बेतत होता. कपड्यात आपण माया सोडतो, पुढे अंग भरलं तर उसवून ढिलं करता यावं म्हणून. पामच्या खोडात अशी माया नसते.

याच कारणानं त्याची जखमही भरत नाही. आमच्या ह्यांनी नऊ वर्षांपूर्वी पाण्याचा पाइप गुंडाळून टांगायला खोडात एक खिळा ठोकला. मी ओरडल्यावर अर्ध्या तासात काढला. ते भोक आज जसंच्या तसं आहे, काज केल्यासारखं, फक्त कडा न शिवलेलं. चिंचेच्या झाडानं ते केव्हाच गिळलं असतं. अशा भोकांतून बुरशी आत जाते आणि सोंड्या भुंगा तर ताज्या जखमेच्या वासानंच पामकडे येतो. तेव्हा दिव्यांच्या माळेसाठी खिळा नको, तारेचा वेढा नको, गवत कापताना बुडाशी यंत्राचा घाव नको.

खताबद्दल थोडं. युरियात नुसतं नत्र, म्हणजे नायट्रोजन. त्यानं पानं भराभर यायचा प्रयत्न करतात आणि प्रत्येक नवं पान पोटॅश मागतं. जमिनीत नसेल तर ते जुन्या पानांतून ओढलं जातं. म्हणजे पिवळेपणावर औषध म्हणून युरिया घालणं हे आगीत तेल. फ्लोरिडा विद्यापीठातल्या पाम अभ्यासकांनी सुचवलेलं प्रमाण नत्र ८, स्फुरद (फॉस्फरस) २, पालाश (म्हणजेच पोटॅश) १२ आणि सोबत मॅग्नेशियम ४ असं आहे, आणि तेही हळूहळू विरघळणाऱ्या रूपात. पालाश नत्रापेक्षा जास्त, हे ध्यानात ठेवलं तरी पुरे. जुन्या पानांची कड रुंद पिवळी आणि मध्य हिरवा राहिला तर मॅग्नेशियम कमी आहे. सगळ्यात नवं पान आखूड, चुरगळलेलं, इस्त्रीनं जळल्यासारखं आलं तर मँगनीज. ही दोन नावं सारखी वाटतात आणि एकीच्या जागी दुसरी घातली की काहीच होत नाही; मी एकदा ही चूक केली आहे. बाधलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. फरक दिसायचा तो पुढच्या पानांत, आणि पुढची पानं वर्षाला तीन! म्हणजे खत बदलल्यावर वर्ष-दीड वर्ष थांबायची तयारी हवी.

पाण्याचं तर लेखात सरळ चुकलंय. बाटलीत पाणी नसतं, ती नुसती आकृती आहे. हा पाम निवडुंग नव्हे. माती वरून बोटभर वाळली की भरपूर पाणी द्यायचं आणि ते बुडाशी साचू द्यायचं नाही. दोन्हींपैकी एक चुकलं तर आधी साचणं टाळा, कारण तहानलेला पाम पानं मिटून कळवतो, कुजणारा कळवत नाही. थंडीला तो फार नाजूक आहे. गोठवणारी थंडी थोडा वेळ जरी टिकली तरी दगावतो. तशा हवेत तो कुंडीतच ठेवावा आणि हिवाळ्यात आत घ्यावा.

लेखात झाडाच्या मूळ गावाचा उल्लेख असता तर बरं झालं असतं. बाटली पाम मूळचा मॉरिशसच्या उत्तरेला, सुमारे बावीस किलोमीटरवर असलेल्या राउंड आयलंड या एवढ्याशा बेटावरचा. त्याचं शास्त्रीय नाव हायोफोर्बे लॅजेनिकॉलिस. पहिल्या शब्दाचा अर्थ डुकरांचं खाद्य, दुसऱ्याचा बाटलीसारख्या खोडाचा. एवढ्या देखण्या झाडाला असं नाव! त्या बेटावर माणसांनी शेळ्या आणि ससे सोडले. त्यांनी उगवणारं प्रत्येक रोप खाल्लं आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे मोठी झाडं दहाच्या आत उरली. म्हातारी झाडं बिया टाकत होती, पण त्यांच्याखाली एक पोर वाढत नव्हतं. १९८६ मध्ये बेटावरचे शेवटचे ससे हटवले गेले आणि मग कुठे रोपं तग धरू लागली. जगभरच्या बागांत हजारोंनी दिसणारं झाड आपल्या घरी असं संपत आलं होतं, हे वाचल्यापासून मी पडलेल्या बिया झाडून टाकत नाही. गर काढून, धुऊन, ताज्या ताज्या ओलसर वाळूत ठेवते. गेल्या वेळी बारापैकी पाच उगवल्या, आणि पहिलं पान दिसायला सात महिने लागले. नर आणि मादी फुलं एकाच झाडावर येतात म्हणून एकच झाड असलं तरी बी धरतं. फुलायच्या आधी हिरव्या आवरणाच्या खालच्या बाजूला शिंगांसारखे टोकदार कळे वर तोंड करून बसतात. माझ्या झाडाला पहिलं शिंग अकराव्या वर्षी आलं आणि मी ते बघायला आख्ख्या गल्लीला बोलावलं.

ज्यांना अंगण नाही त्यांनी बाटली पामच्या मागे लागू नये. त्याला ऊन लागतं. घरात ठेवायला कॅमेडोरिया चांगला, मेक्सिको-ग्वाटेमालाच्या दाट जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. कुंडीत जी झुडपासारखी गर्दी दिसते ती एकाच रोपाची नसते, दहा-पंधरा वेगवेगळी रोपं दाटीनं लावलेली असतात, आणि त्यांतली काही वर्षभरात मरणारच; आपलं काही चुकलं असं समजू नये. रॅपिस हा दुसरा पाम मात्र खरोखर जमिनीखालून फुटवे काढतो, म्हणून त्याचं खोड गेलं तरी झाड जात नाही. ठेंगणा फिनिक्स सुंदर, पण त्याच्या पानांच्या बुडाशी सुयांसारखे काटे असतात. मी जन्मभर सुया हाताळल्या, तरी त्याच्याजवळ चष्मा लावूनच जाते. आणि सायकस हा पामच नव्हे. त्याच्या बिया आणि पानं कुत्र्यांना विषारी आहेत. आपल्या लेखात तो पामच्या यादीत चौथ्या क्रमांकावर छापला आहे. कुत्रं पाळणाऱ्या वाचकांसाठी एवढी दुरुस्ती तरी लवकर छापावी.

लेखातल्या 'हवा शुद्ध करणारा' या मथळ्याबद्दल एकच. १९८९ मध्ये नासानं जे प्रयोग प्रसिद्ध केले ते बंद पेटीतले होते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब झाला तेव्हा निघालं, की घरातली खिडकी उघडून जेवढी हवा बदलते तेवढं काम करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. माझ्या खोलीत एवढे पाम ठेवले तर मला बाहेर झोपावं लागेल. खिडकी उघडावी.

पत्र लांबलं याची मला जाणीव आहे. दुरुस्ती छापायला जागा कमी असेल तर बाकी सगळं गाळा, पण पिवळं पान पूर्ण वाळेपर्यंत किंवा स्वतः गळेपर्यंत राहू द्यावं, एवढी ओळ ठेवा. आपल्या पुरवणीचं कात्रण घेऊन कालच आमच्या शेजारच्या काकू त्यांच्या झाडाकडे निघाल्या होत्या. हातात कात्री होती, तीही माझ्याकडूनच नेलेली, कापडाची. मी ती परत मागून घेतली.

आपली,
मापाची वही असलेली एक वाचक

ता. क. लेखाबरोबर छापलेला फोटो बाटली पामचा नाही, रॉयल पामचा आहे. आपल्याकडे दोघांनाही सर्रास 'बॉटल पाम' म्हणतात म्हणून गोंधळ होतो. रोप घेताना पान बघावं: बाटली पामचं पान कमानदार, त्याच्या पात्या दोन ओळींत वर उचललेल्या, आणि कोवळ्या रोपाच्या देठावर लालसर-नारिंगी झाक असते, रॉयल पामच्या पात्या चहूबाजूंनी पिसाऱ्यासारख्या फुटतात. माझ्या दिरांनी न बघता घेतला. माझ्या झाडाच्याच वयाचा आहे, आता त्यांच्या गच्चीच्या वर गेलाय, आणि गेल्या महिन्यात त्याचं एक पान खाली उभ्या असलेल्या स्कूटरचा आरसा घेऊन पडलं.